ॲम्ब्रोज मिस्किटाच्या तीन चुका

सहार गावात माणसं वाक्याच्या मधोमध थांबतात. डोक्यावरून विमान चाललं की बोलणारा तोंड उघडं ठेवून थांबतो, ऐकणारा मान तशीच कलती ठेवतो आणि विमान गेलं की दोघं त्याच शब्दापासून पुढे सुरू होतात. नव्या पाहुण्याला वाटतं, यांना एकदम काय झालं! काही झालेलं नसतं. चर्चमध्ये फादरसुद्धा असेच थांबतात. भांडणातली शिवी अर्धी राहिली असेल तर उरलेली अर्धी विमानानंतर मिळते, आणि ती घ्यायला समोरचा तिथेच उभा असतो. इतकी सभ्यता अंधेरीत आता दुसरीकडे कुठे उरली आहे?

ॲम्ब्रोज मिस्किटा याच गावचा. त्याच्या आजोबांची भातखाचरं होती, तिथे आता विमानतळाचं कुंपण आहे. आजोबांनी भात पेरला, बापाने विमानतळावर सामान वाहिलं, आणि ॲम्ब्रोज मात्र नाटकात गेला. गेला म्हणजे काय, दिव्यांच्या वायरी ओढायला गेला. विलेपार्ल्याच्या सुरंगी थिएटर्सचा प्रयोग मुलुंडला होता. संस्थेच्या प्रॉम्प्टरला त्या संध्याकाळी कावीळ झाली. 'वाचता येतं का रे तुला?' असं कुणीतरी विचारलं. ॲम्ब्रोज हो म्हणाला, वही हातात घेतली आणि पुढची पस्तीस वर्षं खाली ठेवली नाही.

आता प्रॉम्प्टर म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण ती जातच संपली. विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, नाटकाची वही मांडीवर घेऊन बसलेला माणूस तो. नट वाक्य विसरला की पुढचे दोन शब्द असे सांगायचे की ते नटापर्यंत पोचावेत आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचू नयेत. ॲम्ब्रोजची कुजबूज ही एक कला होती. घाटकोपरला एकदा नायिकेला चक्कर आली, तर तिची तीन वाक्यं ॲम्ब्रोजने विंगेतून अशी सांगितली की तिचे ओठ हलत होते आणि ती प्रत्यक्षात काय बोलत होती हे तिलाही नंतर आठवेना. टाळ्या तिला मिळाल्या. प्रॉम्प्टरला टाळ्या नसतात. प्रॉम्प्टर आहे हे कळलं तर समजायचं, त्याचं काम बिघडलं.

त्या पस्तीस वर्षांत ॲम्ब्रोजने एकही चुकीचं वाक्य सांगितलं नाही. उलट टायपिस्टने वहीत काही चुकीचं छापलं असेल तर तो पेन्सिलीने दुरुस्त करायचा. लेखकांनाही ते कळत नसे. कळलं असतं तर काहींना राग आला असता, कारण काही ठिकाणी नाटक सुधारलं होतं.

मग सुरंगी थिएटर्स बंद पडली. तेरा वर्षं ॲम्ब्रोज घरी बसला. बायको अँजेलिना भाजी निवडताना काही सांगू लागली आणि शब्दासाठी अडली, की हा पलीकडच्या खोलीतून तो शब्द पुरवायचा. तिने एकदा कोयता दाखवला, तेव्हापासून तेही बंद झालं.

अशा वेळी चर्चच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. 'गगनवाणी प्रशिक्षण केंद्र, मरोळ. स्पष्ट उच्चार, इंग्रजी वाचन आणि एका जागी चार तास बसण्याची सवय असलेली व्यक्ती पाहिजे. ज्येष्ठ नागरिक चालतील.' एका जागी चार तास! ॲम्ब्रोजला वाटलं, हा कागद कुणीतरी आपल्याला ओळखणाऱ्यानेच लिहिलाय.

केंद्राच्या प्रमुख मृणालिनी मॅडम. आयुष्यभर विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना 'उतरा', 'थांबा', 'वळा' सांगून निवृत्त झालेल्या. अजूनही त्यांच्या घरचे लोक परवानगीशिवाय स्वयंपाकघरात शिरत नाहीत, असं केंद्रात म्हणत. मनोऱ्यातून विमानांशी बोलणाऱ्या माणसांना कंट्रोलर म्हणतात. तसे कंट्रोलर होऊ पाहणाऱ्या आठ मुलांची तयारी इथे चालली होती. मुलं एका खोलीत पडद्यासमोर बसत. पडद्यावर ठिपके फिरत, ती विमानं. आणि काचेच्या पलीकडच्या छोट्या खोलीत कानावर हेडफोन चढवून बसे तो ॲम्ब्रोज. तो सगळ्या विमानांचा पायलट.

"एकाच वेळी सात?" ॲम्ब्रोजने विचारलं.

"सात विमानं, सात पायलट. आवाज एकच असला तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"छे छे मॅडम, असं कसं चालेल!"

पस्तीस वर्षं दुसऱ्यांना वाक्यं सांगणाऱ्याला एकदम सात भूमिका मिळाल्या होत्या, त्याही मोठ्या आवाजात बोलायच्या. केंद्रातल्या विमानांना पक्ष्यांची नावं होती. ॲम्ब्रोजने रात्रीतून सगळ्यांचे स्वभाव ठरवले. भारद्वाजचा कॅप्टन रुबाबदार, नायकाच्या घराण्यातला. टिटवीचा घाबरट, बोलण्याआधी खाकरणारा. बगळ्याचा नुकताच घटस्फोट झालेला. पहिल्या दिवशी एका विद्यार्थ्याने बगळ्याला 'थोडं थांबा' सांगितलं, तर बगळा म्हणाला, "थांबतोच आहे हो, आयुष्यभर दुसरं काय केलं!"

मृणालिनी मॅडमनी दार उघडलं. "पायलटला स्वभाव नसतो, मिस्किटा. उंची असते."

"पण मॅडम, पात्र सापडल्याशिवाय एन्ट्री कशी घ्यायची?"

"दोन हजार फुटांवर घ्यायची आणि गप्प बसायचं."

तर ॲम्ब्रोजने स्वभाव आतल्या आत ठेवले. बाकी काम त्याच्या रक्तातलं होतं. आकाशातला एक नियम आहे: कंट्रोलर जे सांगेल ते पायलटने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. 'भारद्वाज, सहा-शून्यवर उतरा' म्हटलं की भारद्वाजने म्हणायचं, 'सहा-शून्यवर उतरतो.' सहा-शून्य म्हणजे सहा हजार फूट. हे सगळं बोलणं खरं तर इंग्रजीत चालतं, आपण ते मराठीत ऐकू. पायलटने परत म्हटलेलं कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. एवढ्या एका देवाणघेवाणीवर आकाशातली सगळी माणसं सुखाने झोपून प्रवास करतात.

ॲम्ब्रोजच्या टेबलावर रोज कागद असे. कोणत्या मिनिटाला कोणत्या विमानाने काय म्हणायचं, ते त्यावर टाइप केलेलं. पहिल्याच दिवशी त्याने पाहिलं, कागदात चुका आहेत! कंट्रोलर म्हणणार 'डावीकडे वळा' आणि पायलटच्या वाक्यात छापलंय 'उजवीकडे वळतो'. कंट्रोलर म्हणणार 'सात-शून्य' आणि इकडे 'सहा-शून्य'. वर त्यांना लाल शाईने गोलही केलेला, म्हणजे चूक लक्षात आली होती आणि तरी कुणी सुधारली नव्हती! ॲम्ब्रोजने मान हलवली. टायपिस्ट म्हणजे टायपिस्टच, मग ते नाटकाचे असोत की विमानाचे. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि सगळं ठीकठाक केलं.

दोन महिने तो हेच करत होता. रोज पंधरा मिनिटं आधी यायचा आणि चुका काढायचा. आठही मुलं रोज पैकीच्या पैकी गुण मिळवत होती. तालीम अशी सुरेख चालली होती की काचेपलीकडून बघताना ॲम्ब्रोजचा ऊर भरून येई. विशेषतः तेजल तायडे. विक्रोळीची मुलगी, वडील कुंडलिक तायडे लिफ्ट दुरुस्त करतात. 'बाबा माणसांना वर-खाली करतात, मीही तेच करणार, जरा उंचावरून,' असं म्हणायची. तिचा आवाज स्वच्छ, वाक्य घाईशिवाय. जेवणाच्या सुट्टीत ती ॲम्ब्रोजपाशी येऊन बसे.

"अंकल, तुमच्याशी बोलायला बरं वाटतं. एकदम सेफ."

मग आठही मुलं बाहेरच्या परीक्षेला गेली आणि आठही नापास झाली.

मॅडमनी तेजलला समोर बसवून विचारलं, "झालं काय?"

"पायलट चुकीचं बोलला मॅडम."

"मग?"

"मग काय? आम्हाला माहीतच नव्हतं, पायलट चुकीचं बोलतो ते."

मॅडमनी दोन महिन्यांचे कागद मागवले. लाल गोल आणि त्यांच्यावर पेन्सिलीची सुबक अक्षरं. त्यांनी एकेक पान उलटलं. मग ॲम्ब्रोजला बोलावलं.

"मिस्किटा, या चुका आम्ही मुद्दाम घातल्या होत्या."

"मुद्दाम?" ॲम्ब्रोज हादरलाच. "मुद्दाम कशाला कुणी चुकेल?"

"त्या पकडायला मुलांनी शिकावं म्हणून! खरे पायलट थकलेले असतात, घाईत असतात, दुसऱ्याचं वाक्य आपलं समजतात. विमानं त्याने पडतात, मिस्किटा. तुम्ही माझ्या मुलांना दोन महिने एका अशा आकाशात ठेवलंत, जे कुठेच नाही."

मॅडमनी टेबलावरचे कागद बाजूला सारले.

"तेजलची फेरपरीक्षा शनिवारी आहे, इथेच. बाकीच्यांची पुढच्या आठवड्यात. बाहेरून परीक्षक म्हणून हर्षद सर येणार. त्यांची अट आहे की चुका कुठे येणार हे कुणालाच माहीत नको, त्यांनाही नाही. तुम्ही मनाने तीन चुका करायच्या. बरोबर तीन. केल्यात तर सोमवारी या खुर्चीवर या. नाही केल्यात तर येऊ नका."

ही खुर्ची म्हणजे काय होती, ते मॅडमना ठाऊक नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ॲम्ब्रोज मिस्किटा मोठ्या आवाजात बोलत होता आणि समोरून माणसं उत्तर देत होती. ती खुर्ची गेली असती तर पुन्हा पलीकडची खोली आणि अँजेलिनाचा कोयता.

शनिवारला चार दिवस होते. ॲम्ब्रोज घरी आला आणि त्याने बायकोला सांगितलं, "मला चुकायला शिकव."

अँजेलिना बरणीत बॉटल मसाला भरत होती. तिचा हात थांबला. "बेचाळीस वर्षं मी सांगितलं एक आणि तू केलंस भलतंच. तेव्हा कुणाकडे शिकायला गेलास?"

"ते नकळत गो. आता ठरवून करायचंय."

"बरं. ऐक. दुकानात जाऊन अर्धा किलो कांदे आण. काय आणशील, म्हण."

"अर्धा किलो का…"

"चूक कर!"

ॲम्ब्रोजच्या कपाळावर घाम आला. "अर्धा किलो… ब… बटाटे."

"झकास! आता जा."

ॲम्ब्रोज गेला आणि अर्धा किलो बटाटे घेऊन आला.

"हे काय? कांदे कुठायत?"

"तोंडातून बटाटे गेलं ना माझ्या. गेलेलं वाक्य खोटं कसं पाडू?"

चार दिवसांत घरात सहा किलो नको असलेली भाजी जमली. 'दार लाव' म्हटल्यावर त्याने 'दार उघडतो' म्हटलं आणि मग ते उघडून तिथेच पहारा करत बसला. शुक्रवारी संध्याकाळी अँजेलिनाने हात टेकले.

"ॲम्बू, तुझ्याच्याने चूक होणार नाय. तू नाटकात कधी चुकलाच नाय. चुकायचे ते दुसरे."

ॲम्ब्रोज म्हणाला, "दुसरे तर काय…" आणि थांबला. वर विमान नव्हतं, तरी थांबला.

दुसरे! पस्तीस वर्षं विंगेत बसून त्याने दुसरं काय ऐकलं होतं? कोण कुठल्या अंकात कसं चुकलं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. नटांची बरोबर वाक्यं नाटकाच्या वहीत होती, पण त्यांच्या चुका जगात फक्त ॲम्ब्रोजपाशी जमा होत्या. तो दरबानाचं काम करणारा गृहस्थ, ज्याला डावंउजवं कळत नसे आणि जो बोरिवलीला 'या दाराने जातो' म्हणून भिंतीकडे चालत गेला. ती आत्याबाई, जी समोरच्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकायची. आणि सुरंगीचे नायक, नाना सबनीस. नाना वाक्य विसरले तर अडखळत नसत. जे तोंडाला येईल ते अशा थाटात बोलत की समोरचा नट स्वतःचं वाक्य बदलून घेई. एकदा त्यांनी 'माझी तीन मुलं' ऐवजी 'माझी पाच मुलं' म्हटलं. प्रेक्षकांत कुणाला खटकलं नाही, उलट मध्यंतरात एका बाईने विचारलं, बाकीची दोन कुठे शिकतात?

ॲम्ब्रोज रात्रभर खुशीत होता. चुकायचं त्याने नव्हतंच. त्याने फक्त प्रॉम्प्ट करायचं होतं. चुकणार होते ते जुने सोबती.

शनिवारी हर्षद सर आले. टापटीप माणूस, चार रंगांची पेनं. मॅडम आणि सर तेजलच्या मागे बसले. ॲम्ब्रोज काचेमागे. तेजलने एकदा वळून त्याच्याकडे बघून हात केला. ॲम्ब्रोजनेही हात केला. तिला फसवायचं होतं.

विमानं फिरू लागली. दहाव्या मिनिटाला तेजल म्हणाली, "टिटवी, डावीकडे वळा."

दरबान विंगेतून आत आला. "उजवीकडे वळतो, टिटवी."

"चूक, टिटवी. डावीकडे, डावीकडे." तेजलने पट्‌कन पकडलं. हर्षद सरांनी हिरव्या पेनाने खूण केली. ॲम्ब्रोजने हेडफोनच्या आत सुस्कारा टाकला. एक झाली.

विसाव्या मिनिटाला तिने कावळ्याला वर चढायला सांगितलं आणि आत्याबाईंनी बगळ्यातून उत्तर दिलं, "चढतो, चढतो!"

"बगळा, तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही आहात तिथे राहा. कावळा, तुम्ही बोला."

दुसरी हिरवी खूण. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू यायच्या बेतात होतं.

टिटवी आठ-शून्यवर उडत होती. वरून भारद्वाज येत होता. तेजल म्हणाली, "भारद्वाज, नऊ-शून्यवर उतरा."

ॲम्ब्रोजने डोळे मिटले. नाना सबनीस विंगेतून निघाले. खांद्यावरची शाल सावरली, मधोमध आले, प्रेक्षकांकडे सावकाश बघितलं.

"आठ-शून्यवर उतरतो, भारद्वाज."

अहाहा! आवाज काय, भारदस्तपणा काय! आठ असं उच्चारलं की नऊने मान खाली घालावी. हर्षद सरांनी समाधानाने मान डोलावली आणि कागदावर 'बरोबर' अशी निळी खूण केली. मॅडमनीही पुढचं पान उलटलं. पडद्यावर भारद्वाजचा ठिपका टिटवीच्या ठिपक्याकडे सरकू लागला.

तेजल काही बोलली नाही.

ॲम्ब्रोजने डोळे उघडले. एक सेकंद. दोन. जिभेवर शब्द आला होता. टिटवी म्हणून तोंड उघडायचं आणि खाकरून विचारायचं, 'ते भारद्वाज आठवर येतंय का हो?' इतकंच. आयुष्यभर हेच तर केलं होतं. पण तसं केलं तर चूक तेजलने पकडली असं होणार नव्हतं, तीन चुका तीन राहणार नव्हत्या. तीन सेकंद. चार. नट जेव्हा गप्प होतो तेव्हा तो विसरलाय की थांबलाय, हे प्रॉम्प्टरने एका नजरेत ओळखायचं असतं, आणि त्यासाठी चेहरा नाही, मान बघायची असते. विसरलेल्याची मान सैल पडते. ॲम्ब्रोजने काचेतून तेजलची मान पाहिली. ताठ होती, शिरा दिसत होत्या. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. पाच. सहा.

"भारद्वाज," तेजलचा आवाज जरा कापला, "उंची पुन्हा सांगा. नऊ-शून्य सांगितली होती."

"नऊ-शून्य, भारद्वाज," ॲम्ब्रोज म्हणाला, आणि नाना सबनीस शाल सावरत परत विंगेत गेले.

परीक्षा संपली. ॲम्ब्रोज बाहेर आला तो हर्षद सरांचं चालूच होतं. "चांगलं केलंस. पण भारद्वाजने व्यवस्थित सांगितलं असताना तू त्याला उगीच टोकलंस. खऱ्या गर्दीत एवढा वेळ नसतो. तिथे मी गुण कापलेत. आणि मॅडम, तुमच्या माणसाने दोनच चुका केल्या."

मृणालिनी मॅडमनी ॲम्ब्रोजकडे बघितलं. "दोनच, मिस्किटा."

"तीन मॅडम. भारद्वाज आठ म्हणाला."

"नऊ म्हणाला. मी इथेच होते."

"मी भारद्वाज होतो, मॅडम!"

"मिस्टर मिस्किटा," हर्षद सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमची नोकरी त्यावर आहे, हे मला माहीत आहे. तुम्ही तीन म्हणणारच. पण तुमची कीर्ती काय? तुम्ही चुकत नाही. तीच तर तक्रार आहे!"

"सर, मी शपथेवर सांगतो, मी चुकलो. फार चांगला चुकलो!"

"अंकल चुकले सर," तेजल म्हणाली. "मी ऐकलं."

"तुझे गुण त्यावर आहेत."

तिढा असा पडला की दोन माणसं जीव तोडून सांगतायत चूक झाली, आणि ज्यांना चूक हवी होती तेच म्हणतायत छे, अशक्य. शेवटी ध्वनिमुद्रण लावलं. हर्षद सर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "नऊ." मॅडम म्हणाल्या, "नऊच." पुन्हा लावलं. पुन्हा नऊ. दोघांनी आयुष्यभर आकाश ऐकलं होतं, त्यांच्या कानांना काय झालं होतं देव जाणे. त्यांना काय यायला हवं ते ठाऊक होतं, आणि नानांनी भलतंच इतक्या खात्रीने दिलं होतं की घेताना कुणी मोजलं नाही.

तिसऱ्यांदा लावायच्या वेळी सुंदराबाई चहा घेऊन आल्या. केंद्रात चहा-पाणी बघायच्या. तेजल त्यांच्याकडे वळली.

"मावशी, जरा ऐका ना. हा माणूस कितीचा आकडा बोलतोय?"

सुंदराबाईंनी ट्रे तसाच धरून ऐकलं. "एट झीरो बोलला. लई टेचात बोलला पण. बिनसाखरेचा कुणाचा हाय?"

हर्षद सरांनी ध्वनिमुद्रण मागे नेलं, या वेळी हातात पेन घेऊन, एकेक अक्षर ऐकत लिहिलं. लिहिलेला आकडा बघितला. पुन्हा ऐकलं. पुन्हा बघितला. त्यांनी लाल पेन काढलं, निळी खूण खोडली, तिथे आठ लिहिलं, आणि कापलेले गुण परत दिले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "सोमवारी मला पण त्या मुलांच्यात बसता येईल का?"

मृणालिनी मॅडमनी चहा घेतला, हर्षद सरांचा बिनसाखरेचा होता तो. एका दमात प्यायला. "दोघं बसू," त्या म्हणाल्या. मग ॲम्ब्रोजकडे वळल्या. "नऊ वाजता, मिस्किटा. आणि कागदाला पेन्सिल लावायची नाही."

बाहेर जिन्यात तेजल उभी होती. ॲम्ब्रोज हसत तिच्याकडे गेला. ती हसली नाही. डोळ्यांत पाणी होतं.

"हसू नका अंकल. दोन महिने मी तुमचं डोळे मिटून ऐकलं. आज मला वाटलं, माझेच कान गेलेत. त्या दोघांनी तर माना डोलावल्या. मी एकटीच वेडी."

"मग विचारलंस कशी?"

"माहीत नाही. लाज वाटत होती. तरी विचारलं." तिने नाक पुसलं. "परत असं कराल?"

"सोमवारपासून रोज."

"रोज?"

"बाकीची सात मुलं आहेत ना. आणि ते दोघं."

तेजलने त्याच्याकडे असं बघितलं, जसं खलनायकाकडे लहान मूल बघतं. नाटकातल्या खलनायकांना ॲम्ब्रोजने अशा नजरा मिळताना विंगेतून पाहिल्या होत्या. ते लोक त्या नजरा छातीवर पदकासारख्या मिरवायचे, आणि तरी घरी जाताना गप्प असायचे. का गप्प असायचे, ते त्याला आत्ता कळलं.

"मी ग्रुपवर सगळ्यांना मेसेज टाकते," तेजल म्हणाली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरत तिने टाइपही केलं आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. लिहिलं होतं: 'अंकलवर अजिबात विश्वास ठेवू नका.'

ॲम्ब्रोजने ते दोनदा वाचलं. शुद्धलेखन तपासलं. कुठे काही चूक नव्हती.

"पाठव," तो म्हणाला.